मोगल उमरावांची स्मारके आणि रामटेकचा गड

रामटेकच्या गडावर सहल नेताना शिक्षकाच्या मनात राममंदिर, अंबाळा तलाव आणि कालिदास ही तीन नावे असतात, आणि ते योग्यच आहे. मुलांचे लक्ष मात्र निराळ्याच गोष्टींकडे जाते. वाटेतील माकडे, वराहाची प्रचंड मूर्ती, तिच्या पोटाखालून सरपटत जाण्याची चढाओढ, आणि ज्या वास्तूविषयी गुरुजी काहीच बोलले नाहीत अशी प्रत्येक वास्तू. "गुरुजी, हे कोणाचे?" हा प्रश्न अशाच ठिकाणी येतो. तेथे दोन मोह होतात. एक, "पुढे चला" म्हणण्याचा. दुसरा, त्याहून वाईट, म्हणजे जे नाव तोंडात येईल ते ठोकून देण्याचा.

नागपूर येथे १८७० साली छापलेल्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरमध्ये रामटेकचे वर्णन आहे. गडावरील दोन प्राचीन नरसिंह मंदिरांसमोर एक साधी, लहानशी मशीद असल्याची नोंद त्यात आढळते. औरंगजेबाच्या परिवारातील एका मोठ्या दर्जाच्या माणसाच्या स्मरणार्थ ती बांधली असे सांगतात, एवढीच पुस्ती तेथे जोडलेली आहे. माणसाचे नाव नाही. "असे सांगतात" हे दोन शब्द लिहिणाऱ्याने जाणूनबुजून घातलेले आहेत, हे शिक्षकाच्या ध्यानात आले पाहिजे. तरीही ही एक ओळ फार मोलाची आहे. मोगल उमराव म्हणजे कोण, तो या बाजूस का आला असेल, आणि अशा माणसाच्या मागे स्मारक उभे राहते ते कसे, हे सर्व शिकविण्यास तिच्यामुळे रामटेकच्या शाळेला घरचे निमित्त मिळते.

प्रथम शब्द स्वच्छ करून घ्यावेत, कारण आपल्याकडे घुमट दिसला की सर्वांना एकच नाव देण्याची सवय आहे. जेथे प्रेत पुरले आहे ती कबर. मराठीत तिला थडगे असेही म्हणतात. कबरीवर इमारत उभारली की तो मकबरा. साधुपुरुषाची कबर ज्या आवारात असते व जेथे लोक दर्शनास येतात तो दर्गा. मशीद ही नमाजाची जागा. तिच्यात कबर असावी लागत नाही. म्हणून कोणाच्या स्मरणार्थ मशीद बांधली असे म्हटले, तर तो माणूस तेथेच पुरला आहे असे त्यातून निघत नाही. रामटेकच्या नोंदीत "मशीद" हा शब्द आहे, "कबर" हा नाही. हा भेद मुलांना लगेच कळतो. एखाद्याच्या स्मरणार्थ गावात पाणपोई किंवा धर्मशाळा बांधतात, तेव्हा त्याचे दहन तेथे झाले असे कोणी समजत नाही.

आता मोगल या मुलखात कसे आले ते पाहू. सतराव्या शतकात नागपूरचा प्रदेश देवगडच्या गोंड राजांच्या ताब्यात होता. १६३७ मध्ये शहाजहानचा सेनापती खान दौरान याने नागपूरच्या किल्ल्याला वेढा घातला आणि देवगडचा राजा कोकशहा याच्याकडून खंडणी कबूल करवून घेतली. पुढे १६६७ मध्ये दिलेरखान चांदा व देवगड या दोन्ही राज्यांवर चालून आला. दिलेरखानाचे नाव चौथीच्या मुलांना परके नाही. १६६५ मध्ये पुरंदरला वेढा घालणारा आणि मुरारबाजी देशपांड्यांचा पराक्रम पाहून थक्क झालेला सरदार तो हाच. पुरंदरानंतर दोनच वर्षांनी तो विदर्भात होता, हे सांगितले की मुलांच्या मनात महाराष्ट्राचा नकाशा एकदम जोडला जातो. देवगडच्याच गादीवरील बख्त बुलंद याने १६८६ च्या सुमारास औरंगजेबाचे साहाय्य मिळविले, मुसलमान धर्म स्वीकारला व हे नाव धारण केले. नागपूर शहर वसविण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते. या पन्नास वर्षांत दिल्लीचे सरदार, त्यांचे हिशेबनीस, त्यांच्या फौजा या वाटेने येत-जात राहिल्या. त्यांपैकी कोणाचे तरी स्मारक रामटेकला व्हावे यात नवल काहीच नाही.

उमराव हा शब्द अमीर या शब्दाचे अनेकवचन होय. मोगल राज्यात उमरावाचा दर्जा मनसबीवरून ठरे. मनसबीला आकडे असत. एका आकड्यावरून त्याचा स्वतःचा मान व वेतन ठरे, दुसऱ्यावरून त्याने किती घोडेस्वार बाळगावयाचे ते. वेतनाऐवजी बहुधा एखाद्या प्रदेशाचा सारा लावून दिला जाई, ती जहागीर. पण ही जहागीर वतन नव्हे. दर थोड्या वर्षांनी ती बदले, आणि मनसब मुलाकडे आपोआप जात नसे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उमराव मरण पावला की त्याच्या मालमत्तेवर सरकारची जप्ती येई. सरकारी येणे वळते करून घेतल्यावर बादशहाच्या मर्जीने जे उरेल ते वारसांना मिळे. आपल्याकडील देशमुख-पाटील वतनासाठी पिढ्यान्पिढ्या भांडत, तर मोगल उमरावाला पिढीजात म्हणावे असे फारसे काही नसेच.

उमरावांच्या मकबऱ्यांचे कोडे येथे उलगडते. मागे राहील अशी एकच गोष्ट त्याला करता येई, ती म्हणजे इमारत. पैसा मुलाच्या हाती पडेलच असा भरवसा नव्हता. म्हणून शहाणा उमराव हयातीतच बाग लावी, मधोमध इमारत बांधी, जिवंतपणी तेथे मेजवान्या करी, आणि मेल्यावर तीच बाग त्याचा मकबरा होई. ज्याने असे केले नाही त्याचे स्मारक मुलाच्या सत्तेवर अवलंबून राही. आणि या दोन्हींपैकी काहीच नको असेल, तर एखाद्या अवलियाच्या पायांशी साधी कबर. मकबरा पाहताना "हा माणूस केवढा मोठा होता?" हा प्रश्न म्हणूनच फसवा ठरतो. बांधणारा कोण, पैसा कोणाचा आणि दगड कोठला, हे विचारले तर इमारत बोलू लागते.

रचनेकडे वळण्यापूर्वी एक सूचना. विदर्भातून सहलीस सुलभ असा सर्वांत उत्तम मोगल मकबरा औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, आहे. तो बीबी का मकबरा. ही कबर उमरावाची नव्हे. औरंगजेबाची बेगम दिलरासबानू १६५७ मध्ये निवर्तली, तिची आहे. १६६०-६१ मध्ये तो पुरा झाला. मकबऱ्याचे भाग शिकण्यास मात्र यासारखी दुसरी जागा महाराष्ट्रात नाही.

भिंतींनी बंदिस्त केलेली एक मोठी चौकोनी बाग. तिचे आडव्या-उभ्या पाटांनी चार भाग केलेले, हीच चारबाग. दरवाजातून आत शिरताच दूरवर समोर इमारत दिसते आणि मधला पाण्याचा पाट दृष्टीला सरळ तिच्याकडे घेऊन जातो. इमारत जमिनीवरच न उभारता उंच चौथऱ्यावर उभारतात, त्यामुळे ती आहे त्याहून मोठी भासते. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर मनोरे. मधल्या दालनाभोवती आठ लहान दालने, म्हणजे एकंदर नऊ भाग. ही मांडणी इराणातून आली व मोगलांच्या आवडीची झाली. खरी कबर बहुतेक मकबऱ्यांत खालच्या तळघरात असते व वरच्या दालनात तिच्या बरोबर माथ्यावर कबरीच्या आकाराचा नुसता दगड असतो. औरंगाबादेस मात्र वरच्या सज्जातून खाली डोकावले की संगमरवरी जाळीच्या अष्टकोनी कठड्यात कबर दिसते. कबर उत्तर-दक्षिण असते. प्रेताचे डोके उत्तरेस ठेवून तोंड पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेस, वळवितात. होकायंत्र नसले तरी कबरीवरून दिशा सांगता येते, ही गंमत भूगोलाच्या तासाला उपयोगी पडेल.

चौकोनी दालनावर गोल घुमट बसतो कसा, हा प्रश्न शिक्षकाने अवश्य विचारावा. चौरसाचे कोपरे घुमटाच्या गोल कडेबाहेर मोकळे राहतात. गवंडी त्या कोपऱ्यांत तिरप्या कमानी टाकतो. चौरसाचा अष्टकोन होतो, अष्टकोनाचे सोळा कोन करता येतात, आणि सोळा कोन वर्तुळाच्या इतके जवळ आलेले असतात की त्यावर घुमटाची कड टेकते. हे कागदावर करून दाखविण्यास पाच मिनिटे पुरतात. दहा सेंटीमीटर बाजूचा चौरस घ्यावा, प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर सुमारे २.९ सेंटीमीटरवर खुणा कराव्यात आणि त्या जोडून कोपरे छाटावेत. उरलेल्या आकृतीच्या आठही बाजू सारख्या येतात. ज्या मुलाला भूमिती म्हणजे फळ्यावरचे संकट वाटते, तेही येथे कात्री मागून घेते.

घुमटाची दुसरी युक्ती म्हणजे तो दुहेरी असतो. बाहेरून घुमट उंच दिसावा म्हणून तो फुगीर व उभट करावा, तर आत उभे राहणाऱ्याला वर अंधारी विहीर दिसते. म्हणून आत बेताच्या उंचीचा एक घुमट व त्यावर पोकळी ठेवून बाहेरचा दुसरा, असे दोन करतात. लहान वाटीवर मोठा वाडगा पालथा घालून हे दाखवावे.

औरंगाबादेस दगडाविषयीही शिकण्यासारखे आहे. घुमट आणि भिंतींचा खालचा पट्टा संगमरवराचा. मधला भाग आपल्या काळ्या दगडाचा, त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. मकबऱ्याला ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च आला अशी जुनी नोंद आहे. संगमरवर राजस्थानातून येई. ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाला वाटेत संगमरवर लादलेल्या तीनशेहून अधिक गाड्या भेटल्या आणि त्यांपैकी सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. "ताजमहालाची नक्कल" म्हणून या इमारतीला हिणविण्याची जी रीत पडली आहे ती सोडून द्यावी. दगड शेकडो कोस वाहून आणावा लागला तर कोठे चुन्यावर भागवावयाचे, याचे उत्तर येथील कारागिरांनी फार कौशल्याने काढले आहे. आपल्या चुन्याच्या गवंड्यांचे ते यश आहे.

दगडाचीच गोष्ट दिल्लीत दुःखाची झाली. अब्दुर्रहीम खानखानान हा अकबराचा सरदार. रहीमचे दोहे हिंदीच्या पुस्तकांतून शिकविले जातात तो कवी हाच, हे अनेक शिक्षकांना ठाऊक असते. पण त्याच्या आयुष्याचा मोठा भाग दख्खनच्या स्वाऱ्यांत गेला, हे क्वचित सांगितले जाते. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे आले ते अहमदनगरला घातलेल्या वेढ्यानंतरच्या तहाने, आणि १५९७ मध्ये गोदावरीकाठी आष्टीच्या लढाईत सेनापती होता तो रहीमच. त्याने आपली पत्नी माहबानू हिच्यासाठी दिल्लीस १५९८ मध्ये मकबरा बांधला. ताजमहालाचे काम १६३२ मध्ये सुरू झाले, त्याच्या चौतीस वर्षे आधीची ही गोष्ट. १६२७ मध्ये रहीमलाही तेथेच पुरले. लाल दगड आणि संगमरवर यांनी मढविलेली ती इमारत सव्वाशे वर्षे दिमाखात उभी होती.

१७५४ मध्ये अयोध्येचा नबाब सफदरजंग मरण पावला. तो १७४८ पासून १७५३ पर्यंत दिल्लीचा वजीर होता. मराठ्यांच्या इतिहासात त्याचे नाव वारंवार येते. रोहिले व बंगश पठाण यांच्याविरुद्ध १७५१ मध्ये त्याने मल्हारराव होळकर व जयाप्पा शिंदे यांना मदतीस बोलाविले आणि पुढच्या वर्षी बादशाहीच्या रक्षणाचा करार मराठ्यांशी केला. मुलगा शुजाउद्दौला याने दिल्लीस त्याचा भव्य मकबरा उभारला. तीन लाख रुपये खर्च सांगतात आणि कामावर देखरेख बिलाल महंमदखान या हबशाची होती. तीच चारबाग, तोच चौथरा, तेच नऊ भाग, तोच फुगीर घुमट. पण बादशाहीच्या खजिन्यात व खाणीच्या वाटेवर आता जीव उरला नव्हता. संगमरवर आणावयाचा कोठून? मग रहीमच्या मकबऱ्यावरचे दगड उचकटून काढले गेले आणि सफदरजंगाच्या भिंतींवर चढले. आजही सफदरजंगाच्या घुमटापासून थोड्या अंतरावर रहीमच्या घुमटाचा नागवा चुनेगच्ची सांगाडा दिसतो. २०१४ ते २०२० या काळात त्याची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली आणि पडण्याच्या बेतास आलेली ती वास्तू सावरली. एका उमरावाचे वैभव दुसऱ्याच्या थडग्यावरून उतरविलेले आहे. राज्य उतरणीला लागले म्हणजे काय होते, ते मुलांना तारखांच्या यादीपेक्षा या दोन इमारतींच्या चित्रांवरून अधिक चांगले समजेल.

याच काळातील तिसरा उमराव आपल्याला सर्वांत जवळचा. सफदरजंगाच्या सहा वर्षे आधी, १७४८ मध्ये, बऱ्हाणपूर येथे निजामुल्मुल्क आसफजाह मरण पावला. हैदराबादच्या निजामांचा हा मूळ पुरुष. पालखेडच्या रानात १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने त्याला पेचात पकडले व मुंगी-शेवगावचा तह करण्यास भाग पाडले. १७३७ च्या अखेरीस भोपाळला पुन्हा कोंडले. या दोन पराभवांमुळे मराठी मुलाला तो नेहमी हरणारा वाटतो. परंतु औरंगजेबाच्या वेळेपासून साठ वर्षे राजकारणात टिकून राहिलेला, १७२२ मध्ये वजिरी मिळवून दोन वर्षांतच तिला कंटाळून दक्षिणेत आलेला असा हा मुत्सद्दी होता. त्याचे भवितव्य ठरले ते विदर्भाच्या भूमीवर. बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे ऑक्टोबर १७२४ मध्ये त्याने बादशाही सुभेदार मुबारिजखान याला लढाईत मारले आणि दख्खन त्याच्या हाती आले. मरताना त्याने वारसांना जो उपदेश केला त्यात मराठे हे या देशाचे जमीनदार आहेत, त्यांच्याशी सलोख्याने राहावे, अशा अर्थाचे कलम आहे.

या घराण्याच्या तीन पिढ्यांच्या कबरी तीन ठिकाणी आहेत. आजोबा आबिदखान १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने जखमी होऊन मेला. त्याची कबर हैदराबादजवळ आहे, जेथे पडला त्याच बाजूस. बाप गाजीउद्दीन फिरोजजंग १७१० मध्ये वारला. त्याने दिल्लीच्या अजमेरी दरवाजाजवळ मदरसा बांधला होता. त्याच आवारात मशिदीच्या शेजारी, दगडी जाळीच्या आत, छत नसलेली त्याची कबर आहे. त्या मदरशातच पुढे एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध दिल्ली कॉलेज चालले, आणि आजही तेथे शाळा भरते. तीनशे वर्षे मुलांच्या पाढ्यांच्या व पाठांतराच्या आवाजात झोपलेला हा उमराव शिक्षकवर्गाला विशेष जवळचा वाटावा.

नातू आसफजाह खुल्दाबादेस आहे. हे गाव वेरूळच्या लेण्यांपासून अगदी जवळ, डोंगरमाथ्यावर वसलेले. त्याचे जुने नाव रौजा. औरंगजेबाला मरणोत्तर खुल्दमकान, म्हणजे स्वर्गवासी, असे म्हणू लागले, त्यावरून खुल्दाबाद हे नाव आले. चिश्ती परंपरेतील बुऱ्हाणुद्दीन गरीब हे अवलिया १३३७ मध्ये येथे समाधिस्थ झाले; त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी १३६९ मध्ये. जैनुद्दीनांच्या दर्ग्यात औरंगजेबाची कबर आहे आणि रस्त्यापलीकडे बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्याच्या प्रांगणात आसफजाहाची. त्याचा मुलगा नासिरजंग १७५० मध्ये मारला गेला, तोही तेथेच आहे. याच गावात मलिक अंबर याची घुमटाची कबर आहे. मोगलांशी आयुष्यभर झुंजलेला निजामशाहीचा हा वजीर १६२६ मध्ये वारला. ज्यांनी एकमेकांचे मुलूख तुडविले ते सर्व येथे हाकेच्या अंतरावर आहेत.

आसफजाहाला मकबरा बांधणे सहज शक्य होते. सहा सुभ्यांचा धनी तो. औरंगाबादेत बीबीच्या मकबऱ्याचा नमुनाही डोळ्यांसमोर होता. तरीही चारबाग नाही, चौथरा नाही, घुमट नाही. लाल दगडाच्या आवारात, अवलियाच्या शेजारी, उघड्या आकाशाखाली कबर. बापाची पद्धत तीच होती, आणि ज्या बादशहाच्या हाताखाली तो वाढला त्याचीही तीच. औरंगजेबाची कबर त्याच्या इच्छेप्रमाणे साधी व बिनछताची ठेवली गेली. येथे शिक्षकांनी सावध राहावे. आज त्या कबरीभोवती संगमरवरी जाळी दिसते; ती औरंगजेबाच्या काळची नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजाम सरकारने ती बसविली. जे डोळ्यांना दिसते ते सर्व एकाच वेळचे असते असे नाही, हा धडा येथे आपोआप मिळतो. सफदरजंग आणि आसफजाह दोघेही वजीर झाले, दोघांनीही दिल्लीपासून सुटून राज्ये उभारली. एकाचा घुमट दिल्लीच्या विमानतळाकडे जाणाऱ्याच्या नजरेत भरतो, दुसऱ्याची कबर विचारत जावे लागते. नुसत्या आकारावरून न्याय केला असता तर काय निष्कर्ष निघाला असता, हे वर्गात विचारून पाहावे.

आता पुन्हा रामटेकला यावे. ज्या दोन देवळांसमोर त्या मशिदीची नोंद आहे, त्यांपैकी केवल नरसिंहाचे देऊळ हेही एक स्मारकच आहे, आणि हे १८७० च्या लेखकाला माहीत असणे शक्य नव्हते. १९८० नंतरच्या दशकात देवळाच्या भिंतीवर साचलेले लेप उतरविले तेव्हा आत पेटिकाशीर्षक लिपीतील पंधरा ओळींचा संस्कृत शिलालेख दिसून आला. अक्षरे बरीच झिजली आहेत. तरी प्रभावतीगुप्ता हे नाव त्यात आहे. ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या आणि वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. पती अकाली वारल्यावर लहान मुलांच्या नावाने तिने नंदिवर्धनाहून, म्हणजे शेजारच्या नगरधनहून, राज्य चालविले. अभ्यासकांच्या वाचनाप्रमाणे हे देऊळ तिच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी बांधले व देवाला प्रभावतीस्वामी असे नाव दिले. नगरधन येथे २०१५ पासून झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्राही सापडली.

म्हणजे एकाच टेकडीवर, समोरासमोर, दोन स्मरणे आहेत. एक पाचव्या शतकातील राणीचे. पंधराशे वर्षे चुन्याखाली गेलेले नाव लेखामुळे परत मिळाले. दुसरे सतराव्या शतकातील उमरावाचे. इतके अलीकडचे, पण लेखाअभावी नाव हरवलेले. दगड दोघांचाही टिकला. नाव टिकविले ते अक्षरांनी. आणि तीच अक्षरे ज्या भिंतीवर सापडली तशा भिंतींवर खिळ्याने आपली नावे कोरणारे विद्यार्थी आपल्याच शाळांतील असतात, ही गोष्ट शिक्षकांना खटकली पाहिजे. पंधरा ओळींपैकी किती अक्षरे गेली, हे एकदा मुलांना सांगितले तर खिळा खिशातच राहण्याचा संभव अधिक; नुसत्या दटावणीने तो राहत नाही असा सर्वत्र अनुभव आहे.

सहलीस निघण्यापूर्वी चौथी ते सातवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून वहीच्या एका पानावर तीन रकाने आखून घ्यावेत. पहिल्यात "डोळ्यांनी पाहिले", दुसऱ्यात "लेखात किंवा छापील नोंदीत आहे", तिसऱ्यात "लोक सांगतात". वराहाची मूर्ती पहिल्या रकान्यात जाईल; पापी माणूस तिच्या पोटाखालून जाऊ शकत नाही, हे तिसऱ्यात. देवळाचे खांब मोजून पहिल्यात, प्रभावतीगुप्तेचे नाव दुसऱ्यात. मशिदीची जुनी नोंद दुसऱ्यात लिहावी व ती ज्याच्या स्मरणार्थ बांधली तो औरंगजेबाच्या पदरचा होता, हे तिसऱ्यात, कारण खुद्द नोंदीनेच ते ऐकीव म्हणून दिले आहे. गावातील वृद्ध माणसे मुलांना आणखी काही सांगतील. तेही सांगणाऱ्याच्या शब्दांत तिसऱ्या रकान्यात उतरवून घ्यावे. परतल्यावर दुसऱ्या दिवशी पाने एकत्र करून वाचावीत आणि कोणी एखादी गोष्ट चुकीच्या रकान्यात घातली असेल तर ती मुलांकडूनच हलवावी. एखादा हुशार विद्यार्थी उमरावाच्या जागी दिलेरखानाचे नाव लिहून आणील, कारण ते त्याने नुकतेच ऐकलेले असते. त्याला रागावू नये. त्याने ते कोठे वाचले एवढेच विचारावे आणि ती जागा कोरी सोडण्यास सांगावे.